निवळलेला बोका

बोका आपल्याशी सभ्यपणे वागतोय, हे लक्षात आलं आणि मालाबाई मोहित्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता बोका सभ्य वागला तर त्यात चिडायचं काय, असं कोणी विचारील. विचारणाऱ्यानं भडंगला पाहिलेलं नाही. पिवळट तपकिरी अंग, त्यावर काळे-तांबडे शिंतोडे. चुरमुऱ्यांचं तिखट भडंग खाणाऱ्या सांगलीत अशा पिल्लाला भडंगाशिवाय दुसरं नाव कोण ठेवणार? गटाराच्या काठावरून उचलून आणलेलं हे पिल्लू बघता बघता गल्लीचा दादा झालं. मालाबाईही काही कमी नव्हत्या. मुलींच्या शाळेत आयुष्यभर खो-खो शिकवून निवृत्त झालेल्या. गुडघे गेले होते, पण आवाज शाबूत होता. अंगणातून 'भडंऽऽग' अशी हाळी दिली की बोका दोन-तीन गच्च्या ओलांडून हजर व्हायचा. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा निनाद पुण्याला नोकरीत. घरात बोलायला काय तो बोकाच.

या दोघांचं नातं खरं कळायचं ते भडंगला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन आणल्यावर. सुई टोचून घरी आला की पिंजऱ्यातून सुटून थेट कॉटखालच्या कोपऱ्यात. तिथून गुरगुर, आणि जगातल्या सगळ्या अन्यायाला हीच बाई जबाबदार आहे अशी नजर. सुरुवातीला मालाबाईंनी त्याला ओढून काढायला बघितलं आणि मनगटभर ओरखडे घेतले. मग त्या शिकल्या. त्या दिवशी मिक्सर लावायचा नाही, टीव्ही बारीक. दवाखान्याचा वास लागलेला टॉवेल धुवायला टाकायचा आणि आपली नेसून नेसून मऊ झालेली साडी कॉटखाली सरकवून द्यायची. पाण्याची वाटी आणि चिमूटभर सुकट हाताशी ठेवायची. मुख्य म्हणजे त्याच्याकडे बघायचं नाही. त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि लसूण सोलत राहायचं, जणू आपल्याला त्याचं काही पडलेलंच नाही. मग कधीतरी, त्याच्या मर्जीनं, कॉटखालून मिशा बाहेर यायच्या, आणि तो येऊन त्यांच्या पाठीला डोक्यानं एक जोरदार ढुशी द्यायचा. तिच्यात माया कमी आणि दम जास्त असायचा, पण तिथं भांडण मिटायचं.

रस्त्यानं जाणाऱ्या माणसावर कोणी रुसत नाही. रुसायला आपलं माणूस लागतं. त्यामुळे भडंगच्या त्या रुसव्याचा मालाबाईंना मनातून अभिमानच होता.

या वेळी मात्र रुसवा आलाच नाही.

मागच्या गल्लीतल्या काळ्या बोक्याशी मारामारी करून भडंगनं पाठीवर जखम करून घेतली आणि तिच्यात पू झाला. मालाबाईंचा गुडघा सुजलेला. निनाद सुट्टीला आला होता. "तू बस आई, मी नेतो," म्हणाला आणि घेऊन गेला. जखम साफ करून, टाके घालून दुपारी परत आणलं, तर पिंजरा उघडल्यावर बोका लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा इकडेतिकडे बघत बाहेर आला.

"आज त्याला माझ्या खोलीत एकटाच राहू दे," निनाद म्हणाला. "रात्रीपर्यंत आत जाऊ नकोस."

"का? काय झालंय त्याला?"

"काही नाही. विश्रांती सांगितलीय."

एवढंच बोलून त्यानं दार लोटलं आणि ऑफिसच्या कॉलसाठी गच्चीवर गेला. दाराआड बोका एकदा म्यांव म्हणाला. मालाबाईंना तेवढं पुरे होतं. आजारी लेकराला खोलीत एकटं कोंडायची रीत त्यांच्या घरात कधी नव्हती. त्या आत गेल्या. मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळून त्यांनी भडंगची दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या तरी ठसका म्हणून आला नाही, म्हणजे दृष्ट किती जबर लागली होती बघा! मग साडी पसरून त्याला मांडीवर घेतलं. तू गटाराकाठी कसा सापडलास, ड्रॉपरनं दूध कसं प्यायलास, पहिला उंदीर माझ्या उशीवर कसा आणून ठेवलास, सगळं सगळं त्याच्या कानात सांगितलं. बोक्यानं डोळे मिटून घुर्र करत ऐकून घेतलं. निनाद खाली यायच्या आत त्या गुपचूप बाहेर आल्या. उगीच वाद कशाला?

दुसऱ्या दिवसापासून भडंग आदर्श बोका झाला. जेवण दिलं की जेवायचा. उचलायला गेलं की उचलू द्यायचा. कॉटच्या पायांचा, दारांचा, मालाबाईंच्या चपलांचा त्यानं भाड्यानं घर बघायला आल्यासारखा वास घेतला. गच्चीकडच्या ज्या खिडकीतून तो रोज बाहेर पडायचा, ती त्याला सापडेना. शेजारच्या वहिनी आल्या तर खुशाल त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. "किती शहाणा झालाय हो!" त्या म्हणाल्या. मालाबाईंनी अंगणात जाऊन हाळी दिली. पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. पायरीवर बसलेल्या भडंगनं कान टवकारला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि कुणी अनोळखी बाई कुणाला तरी हाक मारतेय असं समजून पंजा चाटायला लागला.

तिथं त्यांना कळलं, आणि त्या चिडल्या. बोक्याला पिंजऱ्यात घातलं, रिक्षा केली आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर केतकी आवटी ही त्यांचीच विद्यार्थिनी. शाळेत खांबाजवळ हमखास बाद व्हायची. बाई पिंजरा टेबलावर आपटून उभ्या राहिल्यावर तिचे हात शाळेतल्यासारखे आपोआप पाठीमागे गेले.

"काय केलंस माझ्या बोक्याला?"

"बाई, तब्येत छान आहे की त्याची. जखम भरत आलीय."

"हा मला ओळखत नाही, केतकी."

केतकीनं भडंगच्या डोळ्यांत टॉर्च मारला, मग हळूच विचारलं, "बाई, फवारा दिल्यावर त्याच दिवशी तुम्ही त्याच्याजवळ बसला होता का?"

"कसला फवारा?"

तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, केतकी सांगत होती. एखादी गोष्ट आठवली की दर वेळी ती मेंदूत थोडी सैल होते, ओल्या गिलाव्यासारखी. पुन्हा घट्ट बसायला मेंदूला नवी प्रथिनं तयार करावी लागतात आणि त्याला काही तास जातात. 'निवळ' हा नाकात मारायचा फवारा नेमकी तीच प्रथिनं बनू देत नाही. मांजर भेदरलेलं असतानाच फवारा मारला की ती भीती पुन्हा घट्ट होत नाही, विरून जाते. मांजर कॉटखाली लपत नाही, खाणं सोडत नाही, पुढच्या वेळी पिंजरा बघून पळत नाही. पूर्वी दवाखान्यानंतर कितीतरी मांजरं उपाशी राहून आजारी पडायची, ती आता पडत नाहीत.

"आणि मी?" मालाबाई म्हणाल्या. "मी कशी विरले?"

"औषधाला भीती कुठली आणि माया कुठली ते कळत नाही, बाई. त्या वेळात जे जे आठवेल ते सगळं सैल होतं. म्हणून जनावराला अनोळखी खोलीत एकटं ठेवायचं असतं. ओळखीचा माणूस, ओळखीचा वास, आवाज, काही जवळ येऊ द्यायचं नाही."

मालाबाईंनी त्याला काय काय आठवून दिलं होतं? सगळंच. साडी, सुकट, मांडी, आवाज, गटार, उंदीर. वेचून वेचून एकेक गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातानं औषधापुढे ठेवली होती.

"परत येईल?"

केतकीनं मान हलवली. "गेलेलं येत नाही. नवीन ओळख करता येईल."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"मी निनादला सांगायला लागले होते. तर तोच म्हणाला, सगळे नियम माहितीयत, मी स्वतः घेतलाय. म्हणून मी निर्धास्त राहिले."

"स्वतः घेतलाय म्हणजे?"

"माणसांसाठीचा निवळ, बाई. हल्ली कंपन्यांतून देतात." मग केतकीनं बाईंचा चेहरा बघितला. आपण काय बोलून बसलो, ते तिला उशिरा कळलं.

घरी निनाद जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. मालाबाईंनी चपलाही काढल्या नाहीत.

"तू निवळ घेतलायस?"

त्यानं लॅपटॉप मिटला. दचकला नाही, ओशाळला नाही. "होय. गेल्या वर्षी. सांगणार होतो, पण तू चिडली असतीस."

"कशासाठी घेतलास?"

मोठं काम फसलं होतं. साहेबानं आख्ख्या ऑफिससमोर, मोठ्या पडद्यावर त्याच्या चुका एकेक करून वाचून दाखवल्या. लोक हसले. त्यानंतर ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरलं की निनादचे हात कापायचे. ऑफिसनंच सोय केली. एका खोलीत बसवून तो प्रसंग आठवायला लावला, फवारा मारला, आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलू नका म्हणून सांगितलं.

"मग बोलला नाहीस ना कोणाशी?"

"नाही. फक्त तुझा फोन घेतला. तू लागोपाठ करायलीस म्हटल्यावर न घेऊन कसं चालंल? पोलिसात गेली असतीस."

मालाबाई खुर्चीवर बसल्या. तो फोन त्यांना लख्ख आठवत होता. पोराचा आवाज खोल गेलेला. काय झालं ते सांगेना, आणि त्यांनीही खोदलं नाही. त्याचं मन रमावं म्हणून त्या बोलत सुटल्या होत्या. तुला टायफॉइड झाला होता तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत होते, आठवतं का रे? जत्रेत हरवलास आणि पोलिसाच्या टोपीशी खेळत बसलास, आठवतं? बाबा गेल्यावर आपण दोघं रोज पिठलंच खायचो आणि एक दिवस हसायलाच लागलो, आठवतं? दर वेळी तो पलीकडून 'हो' म्हणत होता. फोन ठेवताना त्यांना वाटलं होतं, पोराला सावरलं आपण.

"तो टायफॉइड आठवतो तुला?" त्यांनी विचारलं.

"माहितीय की."

"माहितीय का, ते विचारत नाही. आठवतो का?"

निनादनं प्रामाणिकपणे विचार केला. "पुस्तकात वाचल्यासारखं आहे. तू उशाशी होतीस, हे माहितीय. पण तुझा हात वगैरे, तसलं काही नाही."

"आणि वर्षभरात तुला एकदाही वाटलं नाही, आपलं काहीतरी गेलंय म्हणून?"

"मला वाटलं, मोठं झालं की असंच होतं."

हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. वर्षभर त्या गल्लीत सांगत फिरल्या होत्या, आमचा निनाद किती सुधारला! पूर्वी फोनवर दोन वाक्यांत खटका उडायचा, भाजीत मीठ जास्त म्हणून ताट सरकवायचा, 'तुला काही कळत नाही' म्हणून फोन आपटायचा. आता कसा शांतपणे ऐकून घेतो, 'थँक्यू आई' म्हणतो. शेजारच्या वहिनींनी बोक्याचं कौतुक केलं तसंच त्यांनी पोराचं केलं होतं. बोक्याच्या बाबतीत त्यांना चार दिवसांत कळलं. पोटच्या पोराच्या बाबतीत वर्ष गेलं तरी कळलं नव्हतं. त्यांना स्वतःचाच इतका राग आला की काय करावं सुचेना.

"आई, तुला फार त्रास होतोय," निनाद मऊ आवाजात म्हणाला. "केतकीशी बोलू का? या प्रकरणात निवळची कंपनी तुलाही फवारा फुकट देईल. एका दुपारचं काम. एवढं लागणार नाही मनाला."

मालाबाईंनी टेबलावरचा पाण्यानं भरलेला तांब्या उचलला आणि भिंतीवर आपटला.

"आणि मग? मीही विसरले, तर या घरात आपण एकमेकांचे कोण होतो, हे ठाऊक असणारं कोण उरणार? भिंती?"

निनाद उठला. त्यानं फडकं आणलं, पाणी पुसलं, चेपलेला तांब्या जागेवर ठेवला. चिडला नाही. एक शब्द उलट बोलला नाही. त्या शांतपणानं मालाबाई आणखीनच पेटल्या, आणि पेटून उपयोग काय? समोर भांडायला कोणी होतंच कुठे!

सकाळी दवाखाना उघडला तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. बाकांवर लोक मांजरं, कुत्री घेऊन बसले होते. मालाबाईंनी मैदानावरचा आवाज काढला.

"ऐका सगळ्यांनी! आत गेल्यावर विचारा, फवारा मारणार का. मारणार असतील तर त्यानंतर काय करायचं नाही, ते नीट विचारून घ्या. माझा बोका मला विसरला. बोक्याचं एक वेळ सोडा, माझा मुलगा विसरला! साहेबानं चारचौघांत हसं केलं, त्याचे हात कापायला लागले, म्हणून ऑफिसनं त्याला फवारा दिला. साहेबाला धरायचं सोडून पोराचंच डोकं धुतलं! आणि मी आई, मी त्याला धीर द्यायला फोन केला, तर त्या फोनापायी मीच धुतली गेले!"

केतकी धावत बाहेर आली. "बाई, बाई, आत या की."

"नाही येणार! तुझं औषध वाईट म्हणत नाही मी. ज्याचं मांजर उपाशी मरतंय त्यानं जरूर घ्यावं. पण ज्याचं घर आहे त्याला विचारा की! माझं सगळं आयुष्य त्या फवाऱ्यानं नेलं आणि मला साधं सांगितलंसुद्धा नाही कोणी!"

त्यांचं बोलून झालं. एक म्हातारे गृहस्थ आपलं मांजर घेऊन मुकाट्यानं घरी निघून गेले. कोपऱ्यातल्या एका मुलीनं हे सगळं फोनवर टिपून घेतलं होतं. दुपारपर्यंत ते सांगलीभर झालं आणि संध्याकाळी पुण्यात निनादच्या ऑफिसात पोचलं.

निनाद गच्चीवरून खाली आला तो दोन-दोन पायऱ्या सोडत. हातात फोन होता.

"हे काय केलंस तू?"

"खरं ते सांगितलं."

"कोणाला विचारून? माझ्यावर लोक हसले हे गावाला सांगायचा अधिकार तुला कोणी दिला? मला ते नुसतं माहीत होतं, लागत नव्हतं! माझे हात थांबले होते! आज सगळं ऑफिस तो व्हिडिओ बघतंय आणि मला विचारतंय, आता बरं आहे का! तूच पुन्हा माझ्या डोक्यात घातलंस ते सगळं!"

"आणि तू मला विचारलंस, भडंगच्या नाकात ते मारताना?"

"तुझे गुडघे दुखायलेत, रुसलेल्या बोक्यापुढं रात्रभर जमिनीवर बसायला नको तुला, म्हणून केलं मी! तुझ्यासाठी!"

"मीही तुझ्यासाठीच ओरडले!"

"माझ्यासाठी? बोका तुझा, मुलगा तुझा, आठवणी तुझ्या, रागसुद्धा तुझाच! मी कुठं आहे यात? मला काय होतंय हे कोणी विचारतंय का? तुझ्या त्या पट्ट्या मला आठवत नाहीत, आई! नाही आठवत! त्याचं मी काय करू?"

त्याचा आवाज फाटला. कपाळाची शीर फुगली होती, कान लाल झाले होते. मालाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. पोराचं बरोबर होतं. त्याचं झाकलेलं दुखणं त्यांनी चव्हाट्यावर मांडलं होतं, तेही न विचारता, ज्यासाठी त्या जगाला शिव्या घालत होत्या अगदी तसंच. हे कळलं म्हणून त्यांचा राग कमी झाला नाही, उलट वाढला. आणि त्या रागाच्या आत कुठंतरी त्यांना इतका आनंद झाला की आपण हसतोय की काय, अशी भीती वाटली. गेलं वर्षभर घरात ये-जा करणारा तो गोड, समजूतदार माणूस निघून गेला होता, आणि समोर कोणीतरी उभं होतं ज्याला त्यांच्यामुळे खरंखुरं लागलं होतं. टायफॉइडमधलं पोर नव्हतं ते. ते आता येणार नव्हतं. पण हा त्यांच्यावर चिडला होता, दुसऱ्या कोणावर नाही.

त्या हसल्या नाहीत. मायेनं जवळही गेल्या नाहीत. अर्ध्यात माघार घेतली तर तो पुन्हा शांत होईल, हे त्यांना दिसत होतं.

"चुकलं माझं," त्या ओरडल्या. "गावाला सांगितलं ते चुकलं! पण निवळ घेतलास आणि वर्षभर माझ्यापासून लपवलंस, त्याचं काय? त्याची माफी कोण मागणार?"

"मी नाही मागणार!"

"नको मागूस!"

निनादनं बॅग भरली. कपडे घड्या न घालता कोंबले. फाटक इतक्या जोरात आपटलं की वरचा कोयंडा निखळला. रिक्षात बसता बसता तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "आणि मला फोन करू नकोस!"

"तूच करू नकोस!" मालाबाई अंगणातून ओरडल्या, आणि खिडक्यांतून डोकावणाऱ्यांना म्हणाल्या, "काय बघताय? मायलेकाचं भांडण बघितलं नाही कधी?"

आत येऊन त्यांनी दार लावलं आणि त्या रडल्या. चांगल्या हमसून हमसून रडल्या. पोराचा हात पुन्हा कापायला लागला असेल, या विचारानं रडल्या, आणि तो आता किती दिवस फोन करणार नाही, या विचारानंही. भडंग फ्रिजवर बसून हे सगळं बघत होता. परक्या घरातली बाई रडताना जसं बघावं, तसं अदबीनं.

मालाबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"काय बघतोस? थांब. आता तुझी पाळी. तुलाही माझ्यावर रुसायला लावते की नाही बघ."